ज्ञानूतात्यांची उसण

माझ्याकडे आता उसण घेऊन कोणी येत नाही. मीच येऊ देत नाही. परवा शेजारची सूनबाई दारात येऊन म्हणाली, "सर, मामंजींच्या पाठीत चमक भरलीय, तुम्ही पायाळू आहात म्हणे, जरा पाय लावता का?" मी तिच्या अंगावर असा खेकसलो की बिचारी कडीवरचा हात तसाच ठेवून बघत राहिली. मग माझीच मला लाज वाटली. मी तिला म्हणालो, "डॉक्टरकडे न्या. आत्ता. मी येतो बरोबर." आणि गेलो. सासऱ्यांना काही झालेलं नव्हतं, पोतं उचलताना पाठ लचकली होती. डॉक्टर हसले, सासरे हसले, मी मात्र घरी येऊन जेवलो नाही. ज्ञानूतात्यांची आठवण झाली की माझं हे असं होतं.

पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेला माणूस. आमच्या कडेगाव भागात कुणाच्या पाठीत, बरगडीत कळ धरली, श्वास घेताना टोचायला लागलं, की त्याला उसण म्हणतात. पायाळू माणसाने दुखऱ्या जागी सकाळी, तोंडातून शब्द न काढता, डाव्या पायाची टाच तीनदा लावली की उसण जाते, असं सगळे मानतात. मी पायाळू. त्यात बी.एस्सी., बी.एड., हायस्कुलात सायन्सचा शिक्षक. वर्गात मी पोरांना सांगायचो की भुतं नसतात, मांजर आडवं गेल्याने काही होत नाही. आणि सकाळी आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात दोन-दोन माणसं शर्ट काढून पालथी पडलेली असायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू. माझ्यापेक्षा वयाने दुप्पट माणसं माझ्या टाचेखाली गप पडून राहायची आणि उठताना "लय हलकं वाटतंय मास्तर" म्हणायची. उसण तशीही दोन-चार दिवसांत आपोआप जाते, हे मला ठाऊक होतं. पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

ज्ञानूतात्या आमच्या गुऱ्हाळावर गुळवे होते. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळायचा, मळी काढायची, आणि पाक नेमका कधी उतरवायचा हे सांगायचं, हे गुळव्याचं काम. पळभर आधी उतरवला तर गूळ धरत नाही, पळभर उशीर झाला तर करपतो. सगळा हंगाम त्या एका माणसाच्या बोटांवर असतो. तात्या बोटं गार पाण्यात बुडवत, उकळत्या पाकातून चिमूटभर उचलत आणि पुन्हा पाण्यात घालून गोळी वळून बघत. त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत एक केस नव्हता. वाफेने जळून गेले होते म्हणत. मनगटावर भाजल्याचे जुने-नवे डाग, तेवढेच काय ते दागिने.

पंचेचाळिशीचा, उंच, रुंद खांद्याचा माणूस. कधी सर्दीने नाक ओढताना मी त्यांना पाहिलं नाही. जन्मभर गुळाच्या वाफेत उभं राहून ते चहा मात्र बिनगुळाचा, बिनसाखरेचा घेत. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "आवं, दिसभर नाकानंच खातुया की." काहील चुलवाणावर असली की ते बसत नसत. पाक यायची वेळ झाली की गुऱ्हाळावर कुणी बोलायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. ते मान वाकडी करून बुडबुड्यांचा आवाज ऐकत. एकदा आमचे थोरले बंधू, दादा, त्या वेळी कुणावर तरी ओरडले. तात्यांनी मागे न बघता म्हटलं, "पाटील, तुमी घरी जावा. न्हाईतर मी जातो." दादा गेले. दादांना असं बोलणारा दुसरा माणूस आमच्या पंचक्रोशीत नव्हता.

गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून काही गुऱ्हाळवाले तेव्हा कसलीशी पावडर टाकायला लागले होते. दादांनीही डबा आणला. तात्यांनी तो उघडला, हुंगला, झाकण लावलं आणि परत दादांच्या हातात दिला. "ह्यो तुमच्या पोरास्नी खाऊ घाला आदी. मग मी टाकतो." डबा पुढे कुठे गेला कळलं नाही.

माझी आणि त्यांची गट्टी जमली ती माझ्या फजितीवरून. नोकरीचं पहिलंच वर्ष. पाक किती तापतो हे मोजावं असं माझ्या डोक्यात आलं. शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर खिशात घालून मी गुऱ्हाळावर गेलो, तात्यांना बाजूला सारलं आणि थर्मामीटर काहिलीत बुडवला. तो एकशे दहा अंशांपर्यंतचा होता. पाक त्याच्यावर जातो हे मला माहीत असायला हवं होतं. टक् करून काच फुटली, पारा पाकात गेला. सबंध काहील खड्ड्यात ओतावी लागली. तात्या म्हणाले, "मास्तर, तुमची कांडी लय नाजूक. आमची बोटं बरी." त्यानंतर मी दिसलो की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "काचंची कांडी आणली न्हाई न्हवं?" आणि मग त्यांचं ते घशातल्या घशात हसणं.

तात्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा पलटणीत होता, त्याची पत्रं मीच वाचून दाखवायचो. दोनदा वाचायला लावत. पहिल्यांदा नुसतं ऐकायचे, दुसऱ्यांदा मान हलवायचे. उत्तर ठरलेलं: इकडे सर्व खुशाल, तुझी आई खुशाल, म्हैस व्याली किंवा व्यायची आहे. एकदा मुलाने लिहिलं होतं की मलेरियाने आठ दिवस मिलिटरी इस्पितळात होतो. त्यांना कशाला काळजी, म्हणून मी ते वाक्य गाळलं आणि पुढे गेलो. तात्यांनी हात वर केला. "तुमी हितं अडाकला. काय गाळलं त्ये वाचा." मी वाचलं. ते म्हणाले, "बरा झाला न्हवं? मग गाळलं कशापाई?" पण त्यामुळे त्यांचा माझ्यावरचा विश्वास कमी झाला नाही. कुठलंही सरकारी कागदाचं काम असो, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो, "मास्तर सांगत्यात म्हंजे तसंच आसंल" हे त्यांचं शेवटचं वाक्य. हा विश्वास मी कमावलेला नव्हता. त्यांनी तो आपणहून ठेवला होता, आणि मला तो फार सुखाचा वाटायचा.

त्या वर्षी, म्हणजे दुष्काळ सरल्यानंतरच्या दुसऱ्या हंगामात, पाकाचा थेंब उडून तात्यांच्या डाव्या हातावर फोड आला. असे फोड त्यांना नेहमीच यायचे. हळद-तूप लावून ते विसरून जायचे. हा मात्र पिकला. हात कोपरापर्यंत सुजला, मग पू वाहून गेला, सूज उतरली. सगळ्यांना वाटलं झालं बरं. आठवडाभराने त्यांना थंडी वाजायला लागली. काहिलीपाशी उभं असून घोंगडं पांघरलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. दादांनी विचारलं तर म्हणाले, "अंगात कसर हाय जरा."

आमचा ऊस तेव्हा तोडून पडला होता. तोडलेला ऊस ठेवता येत नाही, दर दिवसाला रस घटतो. दुसरा गुळवा मिळायचा नव्हता, सगळीकडे गुऱ्हाळं पेटलेली. हे मी सांगतो ते सबब म्हणून नव्हे. त्या सकाळी माझ्या डोक्यात काय होतं ते कळावं म्हणून सांगतो.

त्या सकाळी तात्या आमच्या सोप्यात आले. हात छातीच्या मधोमध धरलेला. "मास्तर, उसण भरलीया. श्वास घेतला की आत सुरी फिरल्यागत व्हतंय. जरा पाय लावा."

मी विचारलं, "कधीपासून?"

"दोन दिस झालं. निजलं की जास्ती. म्होरं वाकून बसलं की बरं वाटतंय."

दादा मागे उभे होते. म्हणाले, "तात्याची उसण काढ लवकर. उसाच्या गाड्या खोळंबल्यात."

तात्यांनी शर्ट काढला आणि घोंगडीवर पालथे पडायला गेले. पडता येईना. कण्हत उठून बसले आणि गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकले. म्हणाले, "असंच लावा." मी डावा पाय उचलला आणि टाच त्यांच्या पाठीला लावली.

त्यांचं अंग भाजत होतं. टाचेच्या जाड कातडीलाही कळावं इतकं. उसणीत ताप येत नाही, हे मला माहीत होतं. उसण निजल्यावर वाढून पुढे वाकल्यावर कमी होत नाही, हेही मी इतक्या लोकांना पाय लावून शिकलो होतो. पाय लावताना बोलायचं नसतं, म्हणून मी बोललो नाही. पण तीनदा टाच लावून झाल्यावर बोलायला मोकळा होतो. मागे दादा उभे होते, बाहेर गाड्या उभ्या होत्या, आणि तात्या माझ्याकडे वळून बघत होते. मी म्हणालो, "उसणच आहे. तीन दिवस पाय लावून घ्या, जाईल."

"मास्तर सांगत्यात म्हंजे जाईल," असं म्हणून तात्या उठले आणि कामाला गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले. तिसऱ्या दिवशीही आले. दोन्ही दिवस अंग तसंच तापलेलं. तिसऱ्या दिवशी तर आमच्या दोन पायऱ्या चढताना मध्ये थांबले. मी दोन्ही दिवस टाच लावली. सायन्सच्या पुस्तकात हृदयाचं चित्र मी त्याच आठवड्यात फळ्यावर काढलं होतं, चार कप्पे, लाल आणि निळ्या खडूने. माझ्या टाचेखाली ते कसं चाललं असेल, असा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी, काहिलीत पाक उकळत असताना तात्या खाली बसले. जळण टाकणारा माणूस ओरडला, दादा धावले, मी शाळेतून सायकल हाणत गेलो. तात्या कडेला बसून होते, पुढे वाकलेले, ओठ काळे, मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या. त्यांची बायको, पारूवहिनी, पदराने वारा घालत होती. तात्या आम्हाला बोटाने काहिलीकडे दाखवत होते, पाक उतरवा म्हणून. उतरवायला कुणी नव्हतं. तो पाक करपला. ओळखीच्या एकाची जीप मागवून दादांनी तात्यांना सांगलीला नेलं.

सांगलीच्या त्या इस्पितळात डॉक्टर चांगले भेटले. साठीच्या आसपासचे, शांत. त्यांनी नळी लावून बराच वेळ छाती ऐकली आणि म्हणाले, हृदयाचा आवाज फार लांबून आल्यासारखा येतोय. फोटो काढला तर त्यात हृदयाची सावली भोपळ्यासारखी पसरलेली. मग त्यांनी छातीत लांब सुई घालून पू काढला. दह्यासारखा दाट, हिरवट. पारूवहिनीला बाहेर बसवून त्यांनी मला जवळ बोलावलं. मी पँट-शर्टात होतो, खिशाला पेन होतं, शिक्षक आहे असं कळल्यावर ते मला सर म्हणू लागले होते.

"हे बघा सर," ते म्हणाले, "हृदयाभोवती एक पिशवी असते. तिच्यात पू झालाय. त्याने हृदय चेपलं जातंय, त्याला फुगायला जागाच नाही. अशा धडधाकट माणसाला हे सहसा होत नाही. एवढ्या वर्षांत मी दोन-तीनच पाहिले असतील. हातावरच्या त्या फोडातून जंतू रक्तात गेले असणार."

"बरे होतील ना?"

"पेनिसिलिन देतोय. उद्या-परवा छाती उघडून सगळा पू काढावा लागेल, तोवर अंगात ताकद राहिली पाहिजे." मग चष्मा पुसत म्हणाले, "चार दिवस आधी आणायला हवं होतं. ताप होता, निजता येत नव्हतं, कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?"

मी म्हणालो, "खेड्यातली माणसं, डॉक्टर."

हे वाक्य मी बोललो. खेड्यातली माणसं.

मुलाला तार केली होती. तो सरहद्दीकडून निघाला, पण पोचला तेव्हा पाच दिवस उशीर झाला होता. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीच तात्यांचं हृदय थांबलं. मी तिथे नव्हतो. मी त्यांना पाहिलं ते त्याच दिवशी दुपारी, आणि ते शेवटचं.

सुईने पू काढल्यामुळे त्यांना थोडा आराम पडला होता. खाटेवर मांडी घालून, समोर दोन उशा घेऊन, त्यांच्यावर हात आणि कपाळ टेकून ते बसले होते. निजता येतच नव्हतं. पाठ उघडी होती. पारूवहिनी पायाशी बसून त्यांची बोटं दाबत होती. मला बघून तात्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "आलं का मास्तर? उसाचं काय केलं?" मी खोटंच सांगितलं की दुसरा गुळवा मिळाला. त्यांनी माझ्याकडे जरा रोखून बघितलं.

तेवढ्यात डॉक्टर आले. मागे पाच-सहा शिकाऊ डॉक्टर, पांढऱ्या कोटातली कोवळी मुलं-मुली. डॉक्टरांनी त्यांना तात्यांच्या मानेच्या शिरा दाखवल्या, श्वास घेताना नाडी कशी क्षीण होते ते एकेकाला हाताने बघायला लावलं. असा रोगी पुन्हा कधी बघायला मिळेल सांगता येत नाही, म्हणाले. मग तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "काय तात्या, छातीत एवढं दुखत होतं तर गावात काय उपाय केला? या मुलांना कळू द्या, आपली माणसं इथे येण्याआधी काय काय करून येतात ते."

तात्यांना त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट अभिमानाने माझ्याकडे हात करून म्हणाले, "उसण म्हणून पाय लावून घ्येतला की. ह्ये आमचं मास्तर. पायाळू हाईत. लय गुण हाय ह्यांच्या पायाला. तीन दिस लावला, म्हणून तर हितवर आलो."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. एक मुलगी हसू दाबत होती. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. हसले नाहीत. म्हणाले, "काय सर? तुम्ही?"

हो म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. त्याने तात्यांचा जीव वाचला असता असं नाही. पण ते खरं होतं, आणि सांगणारा माणूस तिथे बसून श्वास मोजत होता.

"छे छे," मी म्हणालो, "मी सायन्सचा शिक्षक आहे. त्यांचा काहीतरी गैरसमज होतोय. तापात आहेत."

पारूवहिनीचे हात थांबले. ती माझ्याकडे बघत राहिली. ती तिन्ही दिवस आमच्या सोप्याच्या दारात तात्यांचा शर्ट हातात घेऊन उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मी तात्यांकडे पाहिलं, कारण दुसरीकडे कुठे बघावं कळेना.

तात्या एक क्षण गोंधळले. मग त्यांना सगळं समजलं. मी किती पाण्यात आहे, कुणासमोर उभा आहे, खिशाचं पेन, पांढरे कोट, सगळं. त्यांनी डोकं हलवलं आणि श्वासाला श्वास जोडत डॉक्टरांना म्हणाले, "व्हय सायेब. माझंच चुकलं. ध्येनात राहत न्हाई. त्ये दुसरं मास्तर. ह्ये न्हवं. ह्ये लय शिकल्यालं हाईत, ह्ये असलं काय करत न्हाईत."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि ती मुलं दुसऱ्या खाटेकडे गेली.

मी तिथेच उभा होतो. तात्यांनी पुन्हा कपाळ उशीला टेकवलं होतं, त्यांची उघडी पाठ खालीवर होत होती, माझ्यापासून एका हातावर. मान न उचलता ते म्हणाले, "जावा मास्तर. चारची गाडी चुकंल तुमची."

आणि मी गेलो.